प्रमिलामावशी टायपिस्ट नव्हती

प्रमिला मेश्राम यांचा अपमान झाला तो १४ ऑक्टोबर १९८६ रोजी, मंगळवारी, सकाळी पावणेदहाला, न्यू जर्सीतल्या एका जपानी कंपनीत, दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत. खोलीत अकरा माणसं होती, त्यातली एक मी. बाकीच्यांना विचाराल तर सांगतील, काही झालं नाही. एक बाई उठल्या, वाकल्या आणि परत बसल्या. खरं आहे, तेवढंच झालं. फक्त त्या वाकल्या तेव्हा समोरचा माणूस वाकला नाही. त्याने फाइल मिटली.

बघ मावशी, पहिल्याच ओळीला मी पत्रक काढून बसले. "तुझं काही वाचलं ना पोट्टी, की माझ्याच घरावर मोर्चा येऊन राहिला असं वाटते," असं तू म्हणायचीस. काय करू? औरंगाबादला कॉलेजात असताना नामांतरासाठी ढीगभर पत्रकं लिहिली, माझं मराठी तिथेच घडलं. कुणावर, कधी, कुणी केलं, आणि शेवटी मागणी. तू गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. इथल्या आपल्या मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर 'दोन शब्द' मागितलेत. जन्म, शिक्षण, मनमिळाऊ स्वभाव, मागे पती आणि दोन मुलं असा परिवार. ते दुसरं कुणीतरी लिहील. मी आपलं भांडण लिहितेय. ते अर्धवट राहिलं आणि तू उत्तर न देता निघून गेलीस. तुझ्यासारख्या सभ्य बाईला हे शोभलं नाही.

आपली ओळखही भांडणातूनच झाली. स्टेट कॉलेज नावाच्या गावी मास्टर्स संपवून मी नुकतीच न्यू जर्सीत आयसेलिनला आले होते. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानात एका काकूंनी माझं मराठी ऐकलं आणि गोड आवाजात विचारलं, "नाव मित्रा का? आणि आडनाव काय गं तुमचं?" मी सांगितलं. त्यांना कळेना. "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" मी म्हटलं, "तुम्हाला जी शंका येतेय ना, तीच." त्या काकू तांदळाच्या पोत्यांमागे दिसेनाशा झाल्या. माझ्या मागे कुणीतरी खुदकन हसलं. मेथीची जुडी हातात धरून तू उभी होतीस.

"जय भीम," म्हणालीस. "पण जरा हळू वो. दुकानदार काकडी निवडून राहिला, त्याला कशाला भीती?"

महिन्याभरात तू मला तुमच्या ऑफिसात ऑर्डर डिपार्टमेंटला चिकटवलंस. कॉपी मशीन विकणारी कंपनी. वरचे सहा साहेब टोकियोहून सहा-सात वर्षांसाठी आलेले, खालची तीस-चाळीस माणसं इथली अमेरिकन. साहेबांचं इंग्रजी कागदावर पक्कं, तोंडात अडखळणारं. अमेरिकनांचं जपानी शून्य. आणि या दोघांच्या मध्ये एक नागपूरची बाई, निळ्या स्वेटरवर पांढऱ्या शबनम पिशवीचा पट्टा, जिच्यावाचून त्या इमारतीत एक खुर्चीसुद्धा इकडची तिकडे होत नव्हती. पगाराच्या कागदावर तिचं पद: क्लार्क-टायपिस्ट.

तुझं जपानी कुठून आलं ते तू सांगितलंस तेव्हा मी गाडीत पोट धरून हसले होते. नागपूरच्या विहारात एक जपानी भन्ते आले होते. तू शाळेत शिकवायचीस. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर तू त्यांना मराठी शिकवायचीस आणि ते तुला जपानी. त्यामुळे इथे नोकरीच्या पहिल्या दिवशी तू तोंड उघडलंस आणि सगळे साहेब गार झाले. साडी नेसलेली बाई, आणि बोलतेय म्हाताऱ्या भिक्षूसारखी! खणखणीत, जुन्या वळणाची, आज्ञा दिल्यासारखी भाषा. मग तू साहेबांच्या बायकांना चिवडा करायला शिकवलंस आणि बदल्यात ऑफिसातल्या बाईने कसं मऊ बोलायचं ते शिकून घेतलंस. सहा वर्षांत इतकं शिकलीस की टोकियोचा फोन आला की पलीकडच्याला खरं वाटायचं नाही.

आणि इथेच आपलं बिनसायचं.

विक्री खात्यातला डेव्ह आठवतो ना? बैठकीत म्हणाला होता, "हा असला मूर्खपणा मी आयुष्यात ऐकला नाही." तू जपानीत काहीतरी सांगितलंस. हिरानो साहेब, जपानीत हिरानो सान, सगळ्यांत वरचे, मान डोलावून हसले. बाहेर आल्यावर मी तुला धरलं.

"काय सांगितलंस त्यांना?"

"डेव्ह सानला ही कल्पना नवीन वाटते, म्हणून सांगितलं."

"मावशी, हे खोटं आहे."

"खोटं कसं? आयुष्यात ऐकली नाही म्हणजे नवीनच ना?" मग माझं तोंड बघून म्हणालीस, "हे बघ मित्रा, बोलणं त्याचंच असते. मी फक्त चपला दाराबाहेर काढून आत आणते."

आणि उलट दिशेने तू तेवढीच कडक. हिरानो सान डोळे मिटून दातांतून हवा ओढायचे, "कठीण आहे" एवढंच पुटपुटायचे, आणि तू डेव्हला सरळ सांगायचीस, "नाही म्हणतात. पुन्हा विचारू नकोस." डेव्ह तुला मानायचा. सगळे मानायचे. कुणाच्या पोराला शनिवारच्या जपानी शाळेत रडू येतं, कुणाची कंबर धरलीय, गोदामातल्या कुणाच्या सासूचं ऑपरेशन आहे, तुला ठाऊक. नागपूरहून परतलीस की संत्रा बर्फीचा एकेक तुकडा प्रत्येकाच्या टेबलावर, रुमालावर ठेवलेला. साहेब असो की गोदामातला माणूस. मी म्हणायचे, मावशी, ही खुशामत. तू म्हणायचीस, "खुशामत वरच्याची करतात. मी खालच्यांना बी बर्फी देते. मग याला काय म्हणशील?" मी बर्फी खाऊन म्हणायचे, तरी खुशामतच.

खरं भांडण वाकण्यावरून होतं. एक दिवस तुझ्या गाडीत मी फुटलेच.

"आपल्या आज्यापणज्यांनी जोहार घालता घालता पाठ मोडून घेतली. तू सतरा वर्षांची असताना पांढरी साडी नेसून दीक्षाभूमीवर उभी होतीस. बाबासाहेबांनी मान वर करायला शिकवलं. आणि इथे येऊन दिवसातून वीस वेळा साहेबासमोर वाकतेस?"

तू रस्त्यावरची नजर हलवली नाहीस. "जोहार घातला की पाटील काय करे?"

"काय करणार? काही नाही."

"हां. काही नाही करे. आणि मी वाकले की हिरानो सान?"

"तो वाकतो. पण तुझ्यापेक्षा कमी."

"मोजलं का तू?"

"मोजलं."

तू इतकी हसलीस की गाडी बाजूला घ्यावी लागली. "मग हे बी मोज. सहा वर्षांआधी तो नुसती मान हलवे. आता कमरेतून येते. समोरचा वाकत असला ना, तर ते वाकणं नाही पोट्टी. ते भेटणं आहे."

मला पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण तुझी एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. तू आठ महिने एका कागदामागे होतीस.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. या कंपनीत कुठलीही मागणी बैठकीत करत नाहीत. मागणीचा कागद टेबलाटेबलावरून फिरतो. प्रत्येक साहेबाकडे आधी जायचं, एकट्याला गाठायचं, चहा प्यायचा, त्याच्या शंका ऐकायच्या. त्याला पटलं की तो आपल्या नावाचा लहानसा लाल गोल शिक्का मारतो. सगळे शिक्के झाले की मगच बैठक. तिथे कुणी भांडत नाही, कारण भांडून झालेलं असतं. मावशीचा कागद एका ओळीचा होता: प्रमिला मेश्राम यांचं पद यापुढे 'दुभाषी' असं लिहावं. सहापैकी पाच शिक्के झाले होते. उरला होता फक्त हिरानो सानचा.

"जा ना मग त्याच्याकडे," मी म्हणाले, तू शेवटी मला सांगितलंस तेव्हा.

"त्याची आई टोकियोत दवाखान्यात आहे. आत्ता नको. दोन-तीन आठवडे जाऊ दे."

"सहा वर्षं गेली मावशी!"

"म्हणूनच म्हणते. सहा वर्षांत तीन आठवडे काय जड आहेत?"

आणि मग ती १४ ऑक्टोबर उजाडली. धम्मदीक्षेला बरोबर तीस वर्षं. सकाळी तू मला खिरीचा डबा दिलास, आपण जय भीम केला आणि बैठकीला गेलो. मी ऑर्डरींचे कागद घेऊन भिंतीशी. तू नेहमीसारखी टेबलाच्या बाहेर, हिरानो सानच्या खांद्यामागे, लाकडी खुर्चीवर. त्या दिवशी टोकियोच्या मुख्य ऑफिसातले एक पाहुणे आले होते. तासभर तू दोन्हीकडून बोलत होतीस. पाहुण्यांनी कौतुकाने तुझ्याकडे बघून इंग्रजीत विचारलं, "या बाई कोण?"

हिरानो सान म्हणाले, "आमच्या टायपिस्ट."

मी उभी राहिले. मला आठवतं, कागद खाली पडले. मी इंग्रजीत म्हणाले, ही बाई टायपिस्ट नाही. सहा वर्षं हे ऑफिस हिच्या तोंडाने बोलतंय. तिला टेबलाशी खुर्ची नाही, कागदावर नाव नाही. याच खोलीतल्या पाच साहेबांनी तिच्या कागदावर शिक्के मारलेत. सहावा का अडलाय? आज सांगा. हो की नाही?

पाहुण्यांना माझं घाईचं इंग्रजी समजलं नाही. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. आणि मावशी, माझं तुझ्याबद्दलचं बोलणं तुलाच जपानीत सांगावं लागलं. तू बसूनच सांगितलंस. शांत आवाजात, कुठे न थांबता. मग उठून कमरेतून खोल वाकलीस. हिरानो सानने फाइल मिटली. "मौल्यवान सूचनेबद्दल आभार," म्हणाले, आणि बैठक संपली.

काय घडलं ते मला संध्याकाळी कळलं. पाहुण्यांसमोर मी पाच साहेबांना उघडं पाडलं होतं. आपल्या वरिष्ठाच्या आधी शिक्के मारून बसलेली पाच माणसं, आणि त्यांच्यासमोर अडवून धरल्यासारखा दिसणारा वरिष्ठ. आता हिरानो सानने शिक्का मारला असता तर ते एका ऑर्डर क्लार्क पोरीने दम दिल्यामुळे झालं असतं. तुझा कागद त्यांच्या खणात गेला. आठ महिने!

तीन आठवडे तू माझ्याशी बोलली नाहीस. डबा मात्र रोज माझ्या टेबलावर ठेवत होतीस, ते जास्त लागायचं. मग पार्किंगमध्ये मीच तुला अडवलं. मी माफी मागेन असं तुला वाटलं असेल. मी म्हणाले, "मी चूक बोलले का, ते सांग."

"चूक नाही बोलली."

"मग?"

"तू मला विचारलं नाहीस मित्रा. सहा वर्षं मी दुसऱ्यांचंच बोलले. माझं बोलणं तरी मला बोलू द्यायचं होतं."

मला हे सहन झालं नाही, म्हणून मी सगळ्यात वाईट ते बोलले. "तू कुठे बोललीस? मी जीव तोडून बोलले, आणि तू त्यात पाणी घालून सांगितलंस. चपला काढून! वर त्याची वाकून माफी मागितलीस!"

तू गाडीचं दार उघडलंस. "थंडी पडली. स्वेटर घालत जा," एवढंच म्हणालीस.

त्यानंतर आपण बोलायला लागलो, पण या विषयावर नाही. नाताळ आला, गेला. आणि जानेवारीत तू.

आता पुढचं ऐक. तुला अंत्ययात्रेचं सांगत नाही. काका बरे आहेत, म्हणजे बरे नाहीत, पण जेवतात. तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या बोर्डावर काळ्या चौकटीत नोटीस लागली: 'आमच्या क्लार्क-टायपिस्ट श्रीमती मेश्राम यांच्या निधनाने आम्हांस दुःख झाले आहे.' मी पेन काढलं, 'क्लार्क-टायपिस्ट' खोडलं आणि मोठ्या अक्षरांत 'दुभाषी' लिहिलं. दुसऱ्या दिवशी तीच नोटीस, नव्याने छापलेली. मी पुन्हा खोडलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा नवी लावलेली असणार म्हणून पेन हातात घेऊनच गेले.

शब्द आधीच खोडलेला होता. पट्टी लावून, एका सरळ रेषेत. वर बारीक, नेटक्या जपानी अक्षरांत काहीतरी लिहिलेलं.

मागे नागाई सान उभे होते. सहा साहेबांतले सगळ्यांत तरुण, ज्यांच्या मुलीला तुझा चिवडा लागतो. बोटाला शाई.

"दुभाषी," ते म्हणाले. "बरोबर लिहिलंय ना?"

मला जपानी येत नाही, हे त्यांना माहीत आहे. मी मान डोलावली. मग विचारू नये ते विचारलं. "त्या दिवशी तिने माझ्यासाठी माफी मागितली ना?"

नागाई सान इंग्रजी शब्द शोधत होते. शोधून द्यायला तू नव्हतीस. "नाही," ते म्हणाले. "त्यांनी सगळं सांगितलं. प्रत्येक शब्द. काहीच कमी केलं नाही. आणि त्या दिवशी त्या ऑफिसच्या बाईसारख्या बोलल्या नाहीत. त्या भिक्षूसारख्या बोलल्या. आम्ही सगळे घाबरलो. मग त्या म्हणाल्या, 'हे मित्रा सानने सांगितलं. आता मी सांगते, हे खरं आहे.' आणि मग वाकल्या."

म्हणून त्याने फाइल मिटली. माझ्या ओरडण्याने नाही. तुझ्या शांत बोलण्याने.

आणि हे तू मला पार्किंगमध्ये सांगितलं नाहीस! मी तुझ्या तोंडावर 'पाणी घातलंस' म्हणाले, आणि तू मला स्वेटर घालायला सांगितलंस. मावशी, ही कसली सभ्यता? माणसाने आपल्या बाजूने एक वाक्य बोलू नये, इतकी? यावर मला तुझ्याशी भांडायचंय. फार भांडायचंय. आणि ऐकायला तू नाहीस, म्हणून रडू येतं, आणि रडू आलं की राग येतो.

माफी मागते, ती दोन गोष्टींची. तुला न विचारता बोलले याची. आणि तुझ्यावर घेतलेल्या आळाची. बोलल्याची मागत नाही. तुझ्या सहा वर्षांनी हिरानो सान कमरेतून वाकायला शिकला, मान्य. पण खुर्ची टेबलाबाहेरच होती. मऊ बोलणाऱ्या माणसाचं पद दुसरं कुणीतरी ठरवत असेल, तर त्या मऊपणाचा फायदा कुणाला झाला ते मी विचारणारच. फक्त एवढं कळलंय की ज्याचं आहे त्याला आधी विचारायचं असतं. तू माणसांच्या दारात जाऊन जे पेरून ठेवलंस, त्याच्याच जोरावर नागाई सानने पट्टी लावून रेघ मारली. माझ्या पत्रकाने ती कधी मारली नसती.

नागाई सान जाताना वाकले. मीसुद्धा वाकले. हसू नकोस.

त्यांनी आणखी एक सांगितलं. तुझा कागद अजून खणात आहे, आणि पाचांपैकी एकानेही आपला शिक्का मागे घेतलेला नाही. हिरानो सानची बदली झालीय. मार्च संपताना ते टोकियोला परत जाणार. नवा साहेब आला की जुना कागद रद्द, आणि मग कंपनीच्या लेखी तू कायमची टायपिस्ट. या वेळी मी विचारून आलेय. आधी काकांना, मग पाचही साहेबांना, एकेकट्याला गाठून, चहा पिऊन. साहेबांकडे सात चहा झाले, कारण दोघांकडे दोनदा जावं लागलं. ते सगळे हो म्हणालेत. तुला विचारता आलं नाही, पण कागद तूच लिहिला होतास, म्हणून तुझं हो धरून चालते.

आता अंक वाचणाऱ्यांना.

तुमच्यातल्या कितीजणांच्या आईला इथल्या दवाखान्यात डॉक्टरांशी बोलायचं होतं आणि प्रमिला मेश्राम सुट्टी टाकून शेजारी उभ्या राहिल्या, ते तुम्हाला ठाऊक आहे. कितीजणांच्या पोरांच्या शाळेत त्या तुमच्या वतीने बोलल्या, तेही. तेव्हा तुम्ही त्यांना टायपिस्ट म्हणाला नव्हता. सांत्वनाला येऊन 'फार मनमिळाऊ बाई' म्हणून गेलात, ते पुरे झालं. या पानाखाली जागा कोरी ठेवली आहे. त्यावर आपल्या हाताने, इंग्रजीत, एक ओळ लिहा: 'प्रमिला मेश्राम माझ्यासाठी बोलल्या, त्या दुभाषी होत्या.' खाली पूर्ण नाव आणि सही. पान कापा आणि येत्या रविवारी इथल्या विहारात माझ्या हातात द्या. हिरानो सानच्या टेबलावर ती पानं मी स्वतः ठेवणार आहे, दोन्ही हातांनी, आणि त्यांचा शिक्का उमटेपर्यंत तिथून हलणार नाही. लिहा. आत्ता, अंक मिटायच्या आधी.